पारधीचा नियम कोणी करावा?

(अजिंठा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण)

आपण ज्या डोंगराच्या सावलीत बसलो आहोत, त्यातील लेण्यांची आधुनिक जगाशी ओळख एका शिकारीमुळे झाली. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास इलाख्याच्या २८ व्या घोडदळातील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि झाडीत दडलेल्या लेण्यांच्या कमानी त्याच्या दृष्टीस पडल्या. दहाव्या लेण्यातील चित्रांकित खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्याला रानाची वाट ज्यांनी दाखविली, त्याच्या शिकारीसाठी ज्यांनी रान हाकलले, त्या माणसांची नावे मात्र कोणत्याही खांबावर नाहीत. रानाची माहिती गावकऱ्यांची, श्रम गावकऱ्यांचे, आणि अधिकार मात्र परक्याचा, ही त्या दिवशीची व्यवस्था होती. दोनशे वर्षांनंतर ती व्यवस्था किती बदलली, याचा विचार करण्यासाठी मी आज आपल्यासमोर उभा आहे.

विषय थोडा आडवळणाचा वाटेल. महागाई, बेकारी, कापसाचा भाव हे प्रश्न समोर उभे असताना पारधीच्या नियमांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. गेल्या खरिपात मी सोयगाव तालुक्यातील एका शिवारात एक रात्र जागलीला काढली. मक्याला कणसे भरली होती. मचाणावर साठीची एक बाई आणि तिचा नातू होता. मुलगा आणि सून ऊसतोडीला जाण्याच्या तयारीत मुकादमाकडे गेलेली. बाईच्या हाती पत्र्याचा डबा आणि काठी होती. शेजारच्या शेतात कुत्र्यांच्या भुंकण्याचा ध्वनिमुद्रित आवाज कर्ण्यावरून रात्रभर वाजत होता. पहाटे तीनच्या सुमारास रानडुकरांचा कळप आला. डबा वाजला, फटाके फुटले, कळप पांगला आणि पलीकडच्या शेतात शिरला. उजाडल्यावर त्या शेतकऱ्याने मोडलेली ताटे मोजली आणि आपल्याच शेजाऱ्याला शिव्या दिल्या. रानडुकराने दोन गरिबांत लावलेले हे भांडण आहे, आणि ते कसे मिटवावे याचा निर्णय या दोघांपैकी कोणाच्याही हाती नाही. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

या देशात पारधीचा नियम आजवर कोणी केला, हे आधी पाहू. संस्थानी राजवटीत शिकार हा राजाचा विशेषाधिकार होता. शिकारगाह राखलेले असत. त्यांतील जनावर रयतेच्या पिकात शिरले तरी रयतेने त्याच्यावर हात उचलावयाचा नाही, पण दरबारी पाहुणे आले म्हणजे त्याच रयतेने हातचे काम टाकून हाकाऱ्यांच्या वेठीला जावयाचे, हा रिवाज होता. इंग्लंडमध्येही याहून वेगळे नव्हते. तेथील १६७१ च्या शिकार कायद्याने किती जमिनीच्या मालकाने सावज मारावे, याची मर्यादा ठरविली होती आणि साध्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातील सशावरही हक्क नव्हता. अरण्ये रिकामी केली ती प्रामुख्याने याच विशेषाधिकाराच्या धन्यांनी. भारतातील ज्ञात असलेले अखेरचे तीन चित्ते १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानच्या महाराजांनी मारले, आणि १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. रानातील जनावरे गरिबांनी संपविली असे जे सर्रास सांगितले जाते, ते सांगणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो आवश्यक होता, हे मी प्रारंभीच स्पष्ट करतो. त्या कायद्यावाचून वाघ, माळढोक आणि काळवीट आज उरले असते की नाही, याची शंकाच आहे. पण तो कसा आला, हेही पाहावे. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता आणि मराठवाड्याचा शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडत होता. रानाशी आणि रानातल्या जनावरांशी ज्याचा रोजचा संबंध, त्याला कोणी काही विचारले नाही. पुढे आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, ४२ व्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्य प्राण्यांचे संरक्षण हे विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात असताना झालेली ती दुरुस्ती होती. निर्णयाचे केंद्र गावापासून आणखी दूर सरकले. मूळ कायद्यात परवाना काढून शिकार करण्याची जी सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली, आणि तेव्हापासून पारध हा नियम नसून अपवाद झाला. अपवाद केव्हा करावयाचा हे सरकार ठरविते.

हा अपवाद दोन वाटांनी होतो. पहिली वाट कलम ११ ची. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीविताला धोकादायक झाला, किंवा इतका जखमी वा रोगग्रस्त झाला की तो बरा होण्याची आशाच उरली नाही, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे देऊन त्याच्या पारधीची परवानगी देऊ शकतो. इतर प्राण्यांच्या बाबतीत मालमत्तेचा धोका, आणि त्यात उभे पीक, हेही कारण पुरते. दुसरी वाट कलम ६२ ची. तिच्यानुसार केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला विशिष्ट क्षेत्रासाठी आणि मुदतीसाठी उपद्रवी घोषित करू शकते, आणि मग त्या क्षेत्रात, त्या मुदतीपुरते, त्याला कायद्याचे संरक्षण राहत नाही. साथींनो, ही दोन्ही कलमे मी पुन्हा पुन्हा वाचली. निर्णय घेण्यापूर्वी गावाला विचारावे, मसुदा प्रसिद्ध करावा, हरकती ऐकाव्यात, असा एक शब्दही त्यांत नाही.

कायद्याला लोकांना विचारण्याची रीत ठाऊक नाही असे मात्र नव्हे. अभयारण्य करावयाचे झाले तर याच कायद्याचे कलम २१ सांगते की जिल्हाधिकाऱ्याने परिसरातील प्रत्येक गावात प्रादेशिक भाषेत उद्घोषणा प्रसिद्ध करावी आणि दोन महिन्यांच्या आत लोकांचे हक्कदावे मागवावेत. म्हणजे जमिनीवर आरक्षण टाकताना, निदान कागदोपत्री, गावाला विचारावयाचे, पण त्या जमिनीतून बाहेर येऊन पीक खाणाऱ्या जनावराचे काय करावयाचे हे ठरविताना विचारावयाचे नाही. हा भेद कोणत्या तत्त्वात बसतो?

न विचारता केलेला नियम टिकत नाही, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्या रेषेच्या आत तालुकेच्या तालुके होते, नांगरलेली शेते होती, बाजारपेठा होत्या. तीन दशके लोक जमिनीच्या व्यवहारांतील अडचणींनी त्रासले, आणि ज्या पक्ष्यासाठी हे केले तोच त्यांच्या रोषाचे कारण ठरला. अखेर क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर माळढोक जवळजवळ नाहीसा झाला होता. नकाशावरची रेषा पक्ष्याला वाचवीत नाही. ज्यांच्या माळावर तो अंडे घालतो, त्यांची मान्यता त्याला वाचविते.

आता अलीकडचा काळ घ्या. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुक्कर आणि रोही यांच्या पारधीच्या परवानगीची कार्यपद्धती ठरवून दिली. शेतकऱ्याने अर्ज करावा, वनखात्याच्या क्षेत्रीय अधिकाऱ्याने परवानगी द्यावी. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर उपद्रवी ठरविले. २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड त्या यादीत गेले. त्या जूनमध्ये बिहारच्या मोकामा परिसरात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले. मग दिल्लीत केंद्रीय मंत्रिमंडळातील दोन मंत्र्यांचा, प्रकाश जावडेकर आणि मेनका गांधी यांचा, जाहीर वाद झाला. एकाने शेतकऱ्याची बाजू घेतली, दुसऱ्याने प्राण्यांची. वृत्तपत्रांना खाद्य मिळाले. पण ज्या गावांच्या शिवारात बंदुका वाजल्या, त्यांच्या ग्रामसभांनी काय ठरविले होते, किती नुकसान नोंदविले होते, किती जनावरे काढणे पुरेसे होते, हा प्रश्न त्या वादात कोणी विचारलाच नाही. दोन्ही बाजू शेतकऱ्याच्या आणि प्राण्याच्या वतीने बोलत होत्या. दोघेही त्यांना विचारून बोलत नव्हते. प्राण्याला विचारता येत नाही हे खरे. माणसाला येत होते.

लोकांना विचारा असे म्हटले की तीन आक्षेप पुढे येतात. ते सरळ अंगावर घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा, की किती जनावरे आहेत आणि किती मारली तर चालतील हा शास्त्राचा विषय आहे, मतदानाचा नव्हे. यात तथ्य आहे. संख्या हात वर करून ठरत नाही. परंतु संख्येचा शोध आणि धोरणाचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती रोही आहेत हे मोजणीने कळेल. ते हाकलावेत, कुंपण घालावे, भरपाई द्यावी की मारावेत, आणि त्याचा भार कोणी सोसावा, हा मूल्यांचा प्रश्न आहे. तो ज्यांच्यावर भार पडतो त्यांच्या संमतीवाचून सुटू नये. शिवाय आपल्याकडे जे घडते ते शास्त्र तरी आहे काय? जेथे कळपांची मोजणीच झालेली नसते, तेथे कचेरीतील अंदाज हा शास्त्राचा नव्हे, केवळ अधिकाराचा निर्णय असतो. अधिकाराने शास्त्राचा अंगरखा घातला म्हणून तो शास्त्र होत नाही.

दुसरा आक्षेप म्हणतो की चिडलेले गाव सरसकट कत्तलीचा ठराव करील. याला नागालँडच्या पांगती गावाने उत्तर दिले आहे. दोयांग जलाशयाच्या काठी येणारे अमूर ससाणे तेथे जाळी लावून मोठ्या संख्येने मारले जात, आणि २०१२ मध्ये त्याची छायाचित्रे जगभर गेली. कायदा तेव्हाही होताच. शिकार थांबली ती गावसभांनी, चर्चेनंतर आणि स्वतःचे उत्पन्न सोडून, बंदी स्वीकारली तेव्हा. २०१३ च्या हंगामात जाळी लागली नाहीत. आपल्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने अभ्यासगट चालवून आणि सर्वसहमतीने निर्णय घेऊन आपले जंगल राखले, हे आपण जाणतोच. जबाबदारी दिली तर गाव जबाबदारीने वागते. जबाबदारी काढून घेतली तर ते विजेची तार टाकते. आज रात्रीच्या अंधारात कुंपणांत बेकायदा वीज सोडली जाते, आणि तिच्याने डुक्कर मरते, बिबट्या मरतो, आणि पाणी द्यायला निघालेला शेतमजूरही मरतो. ही तार कोणत्याही ग्रामसभेच्या ठरावाने टाकलेली नाही. ती असहायतेने टाकलेली आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो आपल्या बाजूचाच आहे. लोकसहभाग म्हणजे गावातील बंदूकवाल्यांचा सहभाग होईल. ज्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे तो बहुधा मोठा शेतकरी असतो. जागलीला बसणारी बाई, सालगडी, मेंढपाळ हे त्या सभेत मागे उभे राहतील. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचा अनुभव येथे उपयोगी आहे. तेथे १९३४ पासून नागरिकांची एक संरक्षण परिषद काम करते. दर वसंतात राज्याच्या सर्व ७२ काउंट्यांत शिकार आणि मासेमारीच्या नियमांवर लोकांचे मत घेतले जाते, प्रतिनिधी निवडले जातात आणि त्यांचा सल्ला राज्याच्या मंडळाकडे जातो. नव्वद वर्षे टिकलेली ही पद्धत आपण अभ्यासावी अशीच आहे. पण त्याच राज्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये, शिकाऱ्यांच्या संघटनेने न्यायालयातून आदेश मिळवून, घाईने लांडग्यांची शिकार सुरू करावयास लावली. २०० ची मर्यादा होती, तीपैकी ८१ चा वाटा ओजिब्वे आदिवासींचा होता. ते लांडग्याला भाऊ मानतात आणि त्यांना तो मारावयाचा नव्हता. उरलेल्या ११९ च्या जागी इतर शिकाऱ्यांनी तीन दिवसांच्या आत २०० हून अधिक लांडगे मारले. आपल्याशी विचारविनिमय झाला नाही, अशी आदिवासींची तक्रार होती. यातून आपण घ्यावयाचा धडा हा, की लोकांना विचारणे म्हणजे सर्वांत मोठ्या आवाजाला विचारणे नव्हे. कोणाला विचारावयाचे हे आधीच नियमात लिहून ठेवावे लागते.

केरळने २०२२ मध्ये एक पाऊल उचलले. रानडुकरांना उपद्रवी ठरविण्याची त्यांची मागणी केंद्राने मान्य केली नाही, तेव्हा राज्याने कलम ११ खालील परवानगीचा अधिकार ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या प्रमुखांकडे सोपविला, आणि विष, स्फोटके वा विजेचा धक्का वापरण्यास मनाई केली. विकेंद्रीकरणाच्या दिशेने हे स्वागतार्ह आहे. तरीही त्यात एक उणीव आहे. अधिकार अध्यक्षाला मिळाला, सभेला नाही. अधिकाऱ्याच्या जागी अध्यक्ष बसला म्हणजे लोकशाही आली, असे आपण समाजवादी कार्यकर्त्यांनी मानू नये.

या प्रश्नात एक समाज असा आहे की ज्याचे नावच या व्यवसायावरून पडले. पारधी. फासे, जाळी आणि रानाचे बारीक ज्ञान यांवर तो जगला. राजेरजवाड्यांनी त्याचे कौशल्य वापरले, इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याच्या मालिकेत अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कागदावरून पुसला गेला तरी पोलीस ठाण्याच्या मनातून पुसला गेला नाही. १९७२ च्या कायद्याने त्याची उपजीविका एका रात्रीत गुन्हा झाली. पर्यायी जमीन वा रोजगार त्याला कोणी दिला? २००६ च्या वनहक्क कायद्याने अनेक परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. तो वगळू नये असे मी म्हणत नाही. पण जनावरांच्या वाटा, विणीचे दिवस, कळपांची संख्या ज्यांना पायांच्या ठशांवरून कळते, त्यांना निदान मोजणीच्या आणि राखणीच्या कामावर सन्मानाने आणि पूर्ण वेतनाने घ्यावे, एवढे तरी म्हणावयास हवे. दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत षड्दंत जातक चितारले आहे. हत्तीचे सुळे आणण्याची आज्ञा राणीची होती, आणि दोषाचे ओझे रानात गेलेल्या व्याधाच्या शिरावर आले. आज्ञा एकाची आणि अपराध दुसऱ्याचा, ही वाटणी अद्याप चालू आहे.

मग आपली मागणी काय असावी? पारधीची कोणतीही सर्वसाधारण परवानगी वा उपद्रवी घोषणा होण्यापूर्वी तिचा मराठी मसुदा संबंधित प्रत्येक ग्रामपंचायतीत किमान ३० दिवस लावावा. केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणात मसुद्यांसाठी एवढी मुदत सांगितलेलीच आहे. ग्रामसभेपूर्वी महिला सभेत आणि भूमिहीनांच्या वस्तीत त्याची चर्चा व्हावी. नुकसानीची नोंद आणि जनावरांची मोजणी गावाने वनखात्याबरोबर करावी, आणि ती भिंतीवर लावावी. कुंपण आणि भरपाई यांचा पर्याय आधी संपवावा. परवानगी दिलीच तर क्षेत्र, मुदत, संख्या आणि विणीचा काळ ठरवून द्यावी, आणि नंतर किती जनावरे मारली याचा हिशेब त्याच सभेपुढे ठेवावा. हौशी शिकाऱ्याला यात स्थान नसावे. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मात्र मतदानाच्या कक्षेबाहेरच राहावेत. दुर्बलांचे मूलभूत हक्क बहुमतावर सोडावयाचे नसतात, हे तत्त्व आपण माणसांच्या बाबतीत मानतो. नष्ट होऊ घातलेल्या जीवाच्या बाबतीतही ते मानले पाहिजे.

मागण्या करून आपण घरी जाऊ नये. आज हाताशी असलेली साधनेही आपण वापरलेली नाहीत, हे मान्य करू. १९८६ मध्ये गौताळा-औट्रमघाट अभयारण्य झाले. २००२ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ३३ ख म्हणते की अभयारण्याच्या सल्लागार समितीत पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी असावेत. गौताळ्याच्या समितीवर आपल्या भागाचे कोण आहे, तिची शेवटची बैठक केव्हा झाली, हे येथे बसलेल्यांपैकी किती जणांना सांगता येईल? मुख्यमंत्री ज्याचे अध्यक्ष असतात त्या राज्य वन्यजीव मंडळाने वर्षातून किमान दोनदा भरावे असे कायदा म्हणतो, आणि वनवासी व रहिवाशांच्या गरजांचा वन्यजीव संरक्षणाशी मेळ घालण्याबाबत सल्ला देणे हे त्याचे कर्तव्य आहे. त्याच्यापुढे आपल्या ग्रामसभेचा एक तरी ठराव कधी गेला काय? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असावयास हवी. ती कागदावरची आहे की जिवंत, हे आपण पाहिलेले नाही. येत्या हंगामात प्रत्येक शाखेने निदान एका गावात नुकसानीचे नोंदपुस्तक सुरू करावे, माहितीच्या अधिकाराखाली दिलेल्या व नाकारलेल्या परवानग्यांची यादी मागवावी, आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्यावर ठराव मांडावा.

मार्च २०२१ मध्ये गौताळ्यात एक वाघ आल्याचे कॅमेऱ्याच्या छायाचित्रावरून कळले. तो यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आला होता. वाटेत त्याने किती शेते, किती रस्ते ओलांडले असतील, आणि किती शेतकऱ्यांनी त्याला पाहून न पाहिल्यासारखे केले असेल! १८१९ मध्ये वाघाच्या मागे एक परका अधिकारी येथे आला होता. दोनशे वर्षांनी वाघ स्वतःच आला आणि लोकांनी त्याला वाट दिली. ज्या लोकांनी वाट दिली, त्यांना नियम करतानाही विचारावे, एवढेच मला म्हणावयाचे आहे. त्या मचाणावरच्या बाईच्या हातात आज डबा आणि काठी आहे. तिच्या हाती नियमाचा मसुदा पोहोचेल आणि तिचे मत कोणीतरी लिहून घेईल, त्या दिवशी हे शिबिर सार्थकी लागले असे मी मानीन.